गोटीपासून घंटेपर्यंत

टेबलाजवळ ठेवलेली एक लहानशी घंटा वाजवावयाची असेल तर तुम्ही काय कराल? हात पुढें कराल, घंटा हलवाल, आणि काम संपेल. पण समजा, घंटेला हात लावावयाचाच नाहीं असें ठरलें. टेबलाच्या दुसऱ्या टोंकाला उभें राहून एका गोटीला बोटानें किंचित् ढकलावयाचें, एवढीच तुम्हांला मोकळीक. त्या गोटीनें घरंगळत जाऊन एका काडेपेटीला पाडावें. तिनें दुसरीला, दुसरीनें तिसरीला. शेवटच्या काडेपेटीनें टेबलाच्या कडेवर थांबलेली दुसरी गोटी ढकलावी. ती गोटी खालीं टांगलेल्या डबींत पडावी. डबी जड होऊन खालीं उतरावी. तिला बांधलेल्या दोऱ्यानें एक अडसर वर उचलावा. अडसरामागें अडकलेला चेंडू सुटावा, आणि त्यानें उतारावरून धांवत जाऊन घंटेवर आदळावें! क्षणाच्या कामासाठीं केवढा हा द्राविडी प्राणायाम!

व्यवहारी मनुष्य याला वेडेपणा म्हणेल, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें त्याचें म्हणणें खरेंच आहे. तरीहि हा वेडेपणा येत्या सुट्टींत तुम्ही एकदां तरी करून पाहावा, अशी माझी इच्छा आहे. आणि तो कसा करावा व करतांना काय पाहावें, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे. अशा रचनेला आपण ‘साखळीयंत्र’ म्हणूं. दिवाळींतील फटाक्यांची माळ हीहि एक साखळीच. एक वात पेटविली कीं पुढचें सारें आपोआप होतें. परंतु माळेंतील सर्व फटाके एकाच जातीचे. साखळीयंत्राची गंमत अशी कीं, त्यांतील प्रत्येक कडी निराळी असते, आणि तरीहि प्रत्येक कडी पुढच्या कडीचें कारण होते.

जगांत ज्याच्या नांवानें अशीं यंत्रें ओळखलीं जातात, तो रूब गोल्डबर्ग यंत्रें बांधणारा नव्हताच. तो व्यंगचित्रकार होता. त्याचा जन्म अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें ४ जुलै १८८३ रोजीं झाला. त्यानें कॅलिफोर्निया विद्यापीठांत इंजिनियरिंगचें शिक्षण घेतलें, १९०४ सालीं पदवी मिळविली, आणि आपल्या शहराच्या पाणी व गटार खात्यांत नोकरीहि धरली. परंतु मनाचा ओढा चित्रांकडे. तेव्हां थोड्याच महिन्यांत ती नोकरी सोडून तो वर्तमानपत्राच्या कचेरींत शिरला, व १९०७ सालीं न्यूयॉर्कला गेला. पुढें त्यानें ‘प्रोफेसर बट्स’ नांवाचा एक कल्पित संशोधक निर्माण केला. हे प्रोफेसरमहाशय साध्यांतल्या साध्या कामासाठीं अवघडांतलें अवघड यंत्र शोधून काढीत. १९३१ सालच्या एका प्रसिद्ध चित्रांत ते सूप पीत बसले आहेत. चमचा तोंडाकडे नेतांच त्याला बांधलेली दोरी ओढली जाते. दोरीनें एक पळी उडते. पळींतील बिस्किट पोपटाच्या जवळून जातें. पोपट त्याच्यामागें झेंप घेतो. त्याची बसण्याची दांडी कलंडून दाणे बादलींत सांडतात. जड झालेली बादली दोरी ओढून एक लायटर पेटविते. लायटरनें अग्निबाण सुटतो. त्यामुळें एक विळा दुसरी दोरी कापतो. आणि मग लंबकाला बांधलेला रुमाल डुलत डुलत प्रोफेसरांची हनुवटी पुसतो! त्याच वर्षीं मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशांत गोल्डबर्गचें नांव विशेषण म्हणून दाखल झालें. हयात असतांनाच स्वतः विशेषण होण्याचें भाग्य फार थोड्यांना लाभतें.

याच मनुष्याला १९४८ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें, तें मात्र हसविणाऱ्या चित्राबद्दल नव्हे. त्या चित्रांत कड्याच्या टोंकावर एक प्रचंड अणुबाँब कसाबसा तोल सांवरून आहे, आणि त्या बाँबच्या पाठीवर एका कुटुंबाचें घर आहे. २ डिसेंबर १९४२ रोजीं शिकागो येथें एन्रिको फर्मी व त्याचे सहकारी यांनीं युरेनियमच्या अणूंची साखळी प्रथमच मनुष्याच्या ताब्यांत ठेवून चालविली होती. एक अणु फुटावा, त्यांतून न्यूट्रॉन बाहेर पडावे, त्यांनीं आणखी अणु फोडावे, अशी ती साखळी. काडेपेट्यांच्या रांगेशीं तिचें नातें दूरचें असलें तरी खरें आहे: कोंडून राहिलेली ऊर्जा अल्पशा धक्क्यानें सुटते. आपण मात्र काडेपेट्यांपाशींच राहूं.

गोल्डबर्गनें आपलीं यंत्रें कागदावरच ठेवलीं. तसलीं यंत्रें प्रत्यक्ष बांधण्याचा हुरूप पुढें विद्यार्थ्यांना आला. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांच्या दोन मंडळांमध्यें १९४९ पासून १९५५ पर्यंत अशा यंत्रांची चढाओढ होत असे. १९८३ सालीं ती पुन्हां सुरू झाली, आणि १९८८ पासून तिला सर्व देशाच्या स्पर्धेचें रूप आलें. पेन्सिलीला टोंक काढणें, पाकिटावर तिकीट चिकटविणें, असलीं कामें. आणि तीं कमींत कमी वीस पायऱ्यांनीं करावयाचीं! जपानांत २००२ सालीं मुलांसाठीं दूरचित्रवाणीवर ‘पिटागोरा सुइच्ची’ नांवाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांतील यंत्रें फूटपट्ट्या, पेन्सिली, पुस्तकें, गोट्या अशा घरगुती वस्तूंचींच बांधलेलीं असतात, म्हणून मला तीं विशेष आवडतात. ‘पिटागोरा’ म्हणजे दुसरें तिसरें कोणी नसून आपल्या भूमितीच्या पुस्तकांतील पायथागोरस होय. त्याचा आपल्या यंत्राशीं काय संबंध, तें थोड्याच वेळांत दिसेल.

यंत्र बांधावयास बसण्यापूर्वीं एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. पुष्कळांना वाटतें कीं, पहिल्या गोटीला दिलेला धक्काच हातोहात पुढें जात जात घंटेपर्यंत पोंचतो. तसें असतें तर यंत्र तिसऱ्या-चौथ्या कडीपाशींच मेलें असतें. कारण घर्षण प्रत्येक नाक्यावर आपली जकात वसूल करतें, आणि प्रत्येक आदळण्याच्या आवाजाबरोबर थोडी ऊर्जा निघून जाते. खरी गोष्ट अशी कीं, प्रत्येक कडीजवळ तिची स्वतःची पुंजी असते, आणि ती पुंजी तुम्हींच आधीं तेथें ठेवलेली असते. काडेपेटी आडवी होती, ती तुम्हीं उभी केली. चेंडू जमिनीवर होता, तो तुम्हीं उतारावर चढविला. उचलतांना तुम्हीं खर्चिलेली शक्ति त्या वस्तूच्या ठायीं सांठून राहिली. हिलाच पदार्थविज्ञानांत स्थितिज ऊर्जा म्हणतात. वस्तु पडूं लागली कीं तिचीच गतिज ऊर्जा होते. मागल्या कडीनें पुढल्या कडीला ओढून न्यावयाचें नसतें. फक्त तिचें कुलूप उघडावयाचें असतें. किल्ली लहान असली तरी चालते.

किल्ली किती लहान असली तरी चालते, याचें एक उदाहरण पाहा. १९८३ सालीं लॉर्न व्हाइटहेड या संशोधकानें असें दाखविलें कीं, उभी केलेली एक ठोकळी पडतांना आपल्यापेक्षां सर्व बाजूंनीं दीडपट मोठी ठोकळी पाडूं शकते. तेव्हां पहिली ठोकळी दोन सेंटिमीटर उंच, दुसरी तीन, तिसरी साडेचार, अशी रांग लावली तर दहावी ठोकळी सुमारें ७७ सेंटिमीटर उंच होते, आणि तेरावी सुमारें २६० सेंटिमीटर, म्हणजे घराच्या दारापेक्षां उंच! दीडपटीचा हिशेब आणखी पुढें न्या. लांबी, रुंदी व उंची दीडपट झाली कीं वजन ३.३७५ पट होतें. शिवाय वजनाचा मध्यबिंदु दीडपट उंच जातो. म्हणून प्रत्येक ठोकळींतून मागल्या ठोकळीच्या सुमारें पांचपट ऊर्जा सुटते. ही सारी ऊर्जा पहिल्या ठोकळीला लावलेल्या बोटांतून आलेली नसते. ज्यांनीं त्या मोठ्या ठोकळ्या उभ्या केल्या त्यांच्या दंडांतून ती आलेली असते.

आतां बांधणी. त्यासाठीं विकत कांहींहि आणूं नका. बाजारांत अशा खेळांच्या तयार पेट्या मिळतात, त्यांचे भाग एकमेकांत इतके नेमके बसतात कीं विचार करावयास जागाच उरत नाहीं. आपल्याला पाहिजेत त्या वस्तु अशा: दोन गोट्या, सात रिकाम्या काडेपेट्या, मूठ-दोन मुठी बारीक कोरडी वाळू, एक रबरी चेंडू, सुताचें रिकामें रीळ, मजबूत दोरा, एक हलकी डबी, थोडा कापूस, जुन्या खोक्याचा पुठ्ठा, एक नाणें, एक काठी, चिकटपट्टी, आणि घंटा. घंटा नसेल तर पालथा ठेवलेला पितळेचा पेला उत्तम नाद देतो. मात्र घरांतून वस्तु घेतांना आईला विचारून घ्या. नाहीं तर पोळ्या लाटण्याच्या वेळीं लाटण्याचा शोध लागावयाचा तुमच्या यंत्रांत!

आरंभ शेवटापासून करा. हें विचित्र वाटेल, परंतु अनुभवी मनुष्य असेंच करतो. कारण घंटा वाजण्यास किती जोराचा धक्का लागतो, तें कळल्यावांचून चेंडू किती उंच ठेवावा हें ठरत नाहीं, आणि चेंडू ठरल्यावांचून त्याचा अडसर ठरत नाहीं. पुठ्ठा दोन्ही बाजूंनीं दुमडून सुमारें ६० सेंटिमीटर लांबीची पन्हळ करा. तिचें एक टोंक पुस्तकांवर ठेवून जमिनीपासून सहा-सात सेंटिमीटर उंच करा, दुसरें टोंक घंटेपाशीं येऊं द्या. वरच्या टोंकाजवळ पन्हळीच्या दोन्ही भिंतींना समोरासमोर उभ्या चिरा पाडा, आणि त्या चिरांत पुठ्ठ्याचा एक लहान पडदा सरकवा. शेतांतल्या पाटाला पाणी अडविण्यासाठीं फळी बसवितात ना, तसाच हा पडदा. त्याच्यामागें चेंडू ठेवा. पडदा सरळ वर उचलला कीं चेंडू सुटला पाहिजे. उतार फार तीव्र केलात तर चेंडू पडद्याला इतका रेटून धरील कीं तो चिरेंतून निघावयाचाच नाहीं.

पडदा वर उचलण्याचें काम कप्पीचें. टेबलाच्या कडेजवळ, टेबलापेक्षां बऱ्याच उंचीवर, दोन उंच पाठींच्या खुर्च्यांवर काठी आडवी ठेवा आणि तिच्यांत सुताचें रीळ ओंवा. खुर्च्या कमी उंच असतील तर त्यांखालीं विटा द्या. दोऱ्याचें एक टोंक पडद्याला बांधा. दोरा रिळावरून घेऊन दुसऱ्या टोंकाला डबी बांधा. डबी टेबलाच्या कडेच्या किंचित् खालीं लोंबत राहिली पाहिजे. आतां येथें तराजूचा प्रश्न आला. साध्या कांचेच्या गोटीचें वजन सुमारें पांच ग्रॅम. एवढ्याशा वजनानें पडदा उचलला जावा, पण ती गोटी पडेपर्यंत मात्र तो जागचा हलूं नये. म्हणून पडद्याला एक नाणें चिकटवून तो जरा जड करा, आणि मग डबींत चिमूट चिमूट वाळू घालीत जा. पडदा हलण्याच्या बेतांत आला कीं थांबा, आणि एक चिमूट वाळू परत काढून घ्या. सोनार गुंज गुंज तोलतो तसें हें काम आहे. येथें घाई करणारा फसतो. डबींत वर थोडा कापूस घाला, म्हणजे वरून पडलेली गोटी उसळून बाहेर जाणार नाहीं.

टेबलावर काडेपेट्यांची रांग. रिकामी काडेपेटी इतकी हलकी असते कीं, ती पडली तरी पुढच्या पेटीला तिचा फारसा धाक वाटत नाहीं. म्हणून तींत वाळू भरा आणि चिकटपट्टीनें तोंडें बंद करा. वाळू गच्च भरावी. अर्धवट भरली तर पेटी उभी करतांच ती वाळू तळाशीं बसते, वजनाचा मध्यबिंदु खालीं येतो, आणि डोंबाऱ्याच्या खेळांतील बाहुलीप्रमाणें पेटी पाडली तरी पडेनाशी होते. आतां दोन पेट्यांमध्यें अंतर किती ठेवावें? येथें पायथागोरस भेटतो. उभी काडेपेटी सुमारें पांच सेंटिमीटर उंच असते. ती पुढें कलते तेव्हां तिची पुढची खालची कडा जागेवर राहते, आणि वरची कडा पुढच्या पेटीला जाऊन लागते. जमीन, पुढची पेटी आणि कललेली पेटी मिळून काटकोन त्रिकोण झाला. त्याचा कर्ण पांच सेंटिमीटरांचा. दोन पेट्यांमध्यें अंतर चार सेंटिमीटर ठेवलें तर टोला तीन सेंटिमीटर उंचीवर बसेल. अंतर तीन ठेवलें तर चार सेंटिमीटर उंचीवर. दोन ठेवलें तर साडेचारांहून किंचित् वर. अंतर पांचाहून अधिक झालें कीं पेटी नुसतीच पालथी पडेल, पुढचीला शिवणारहि नाहीं. टोला जितका उंच बसेल तितकी पुढची पेटी सहज उलटते. खालीं बसला तर ती उलटण्याऐवजीं मागें सरकते. तर मग पेट्या अगदीं जवळ जवळ ठेवाव्या काय? तसेंहि नव्हे, फार जवळ ठेवल्या तर पडणाऱ्या पेटीला वेग घेण्यास वावच मिळत नाहीं. मी अडीच सेंटिमीटर सांगेन. पण तुम्हीं माझ्यावर विश्वास ठेवूं नये, स्वतः निरनिराळीं अंतरें लावून पाहावें.

सातव्या पेटीच्या पुढें, टेबलाच्या अगदीं कडेवर, दुसरी गोटी ठेवा. ती आपोआप घरंगळूं नये म्हणून तिच्याखालीं दोऱ्याचें एक बारीकसें वेटोळें द्या. पहिल्या पेटीच्या मागें पहिल्या गोटीसाठीं पुठ्ठ्याचा सपाट उतार करा, त्याची उंची दहा सेंटिमीटर. थेट दहा सेंटिमीटर खालीं पडणारी वस्तु सेकंदाला सुमारें १४० सेंटिमीटर वेग घेते. न घसरतां घरंगळत आलेली गोटी मात्र सुमारें ११८ सेंटिमीटरच घेते, तीहि घर्षणाची जकात धरली नाहीं तर. उरलेला वेग कोठें गेला? गोटी पुढें जातां जातां स्वतःभोंवतीं फिरतेहि, आणि तिच्या ऊर्जेच्या सात भागांपैकीं दोन भाग त्या फिरण्यांत जातात. वरच्या इयत्तेंतील विद्यार्थ्यांनीं हें गणित आपल्या शिक्षकांकडून समजून घ्यावें.

झालें! गोटी, काडेपेट्या, दुसरी गोटी, डबी, दोरा, पडदा, चेंडू, घंटा: आठ कड्या तयार झाल्या. बोटानें गोटी ढकला. घंटा वाजणार नाहीं.

वाजली तर तुमचें नशीब. परंतु बहुधा वाजणार नाहीं, आणि या लेखांत मला जें मुख्यत्वें सांगावयाचें आहे तें येथूनच सुरू होतें. दहांपैकीं नऊ गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला आपण हुशार म्हणतों. समजा, तुमच्या यंत्राची प्रत्येक कडी अशीच हुशार आहे. दहांपैकीं नऊ वेळां ती आपलें काम चोख करते. तर सगळें यंत्र शंभरांपैकीं किती वेळां शेवटपर्यंत जाईल? नव्वद वेळां, असें उत्तर चटकन् येतें. तें खरें नाहीं. पहिली कडी शंभरांत ९० वेळां पार पडली. त्या नव्वदांपैकींहि नऊ-दशांश वेळांच दुसरी पार पडणार, म्हणजे ८१. तिसरीनंतर सुमारें ७३ उरले. असें आठ वेळां गुणत गेलां तर शेवटीं ४३ उरतात. प्रत्येक कडी हुशार, आणि यंत्र मात्र निम्म्याहून अधिक वेळां नापास! वीस कड्यांचें यंत्र असेल तर शंभरांपैकीं अवघ्या १२ वेळां घंटा वाजेल. उलट, प्रत्येक कडी शंभरांत ९९ वेळां चालेल इतकी सुधारली तर आठ कड्यांचें यंत्र शंभरांत ९२ वेळां चालतें. आगगाडीच्या ब्रेकांत, विमानाच्या इंजिनांत, दवाखान्यांतील यंत्रांत ‘दहांत नऊ’ कां चालत नाहीं, हें ज्याच्या काडेपेट्या चार वेळां अडल्या आहेत त्याला निराळें सांगावें लागत नाहीं.

तेव्हां यंत्र थांबलें याचा अर्थ तुम्ही कमी पडलां असा नव्हे. गणिताप्रमाणें तें थांबणारच होतें. थांबलें त्या जागीं जा आणि नीट पाहा. यंत्रांत एक मोठा सद्गुण आहे: तें कधीं खोटें बोलत नाहीं, कोणाची भीड धरीत नाहीं, आणि रागावतहि नाहीं. पांचवी पेटी उभी राहिली असेल तर तिच्या उभें राहण्याला कारण आहेच. टेबल कललें असेल, अंतर चुकलें असेल, वाळू कमी पडली असेल. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदला. अंतर, वाळू आणि उतार ही तिन्ही एकदम बदललीं आणि यंत्र चाललें, तर तें कशामुळें चाललें हें तुम्हांला कधींच कळणार नाहीं. आणि सर्व यंत्र पुन्हां पुन्हां सोडीत बसण्यापेक्षां प्रत्येक कडी एकटी घेऊन लागोपाठ वीस वेळां चालवून पाहा. एखादी कडी वीसांत दोन वेळां रुसली, तर ती तशीच पुढें नेऊं नका. इतर सात कड्या कितीहि सुधारल्या तरी हिचें रुसणें भरून निघत नाहीं.

येथें पालकांशीं दोन शब्द बोलतों. पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी जमिनीवर काडेपेट्या मांडून बसलेली दिसली, तर ‘हे उपद्व्याप बंद कर आणि पुस्तक घे’ असें म्हणण्याचा मोह आपणांस होईल. त्याहून मोठा मोह दुसराच आहे: आपणच खालीं बसून यंत्र लावून देण्याचा. तो कृपा करून टाळावा. जें मूल वर्गांत सदा पहिलें येतें, तेंच पुष्कळदां तिसऱ्या अपयशाला उठून जातें; कारण चुकणें म्हणजे गुण कापले जाणें, याखेरीज चुकण्याचा दुसरा अर्थ त्याला कोणी दाखविलेलाच नसतो. त्याच्याजवळ बसा, आणि ‘कां जमलें नाहीं?’ असें न विचारतां ‘कोठें थांबलें?’ एवढेंच विचारा. पहिल्या प्रश्नाला मूल मान खालीं घालतें. दुसऱ्या प्रश्नाला तें बोट दाखवितें. आणखी एक. अशा खेळांत मुलाला बसवावें आणि मुलीला स्वयंपाकघरांतून हांक मारावी, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. वास्तविक यंत्राचें उत्तम साहित्य स्वयंपाकघरांतच असतें आणि त्याची पारख बहुधा मुलीलाच अधिक असते.

मोबाईलवर अशा यंत्रांचीं चित्रें मुलें पाहतात व हुरळून जातात. तीं अवश्य पाहूं द्यावीं; परंतु त्यांत अपयशें कापून टाकलेलीं असतात, हें त्यांना सांगावें. १९८७ सालीं पीटर फिश्ली व डेव्हिड व्हाइस या स्विस कलावंतांनीं टायर, फळ्या, शिड्या, बाटल्या यांच्या साखळीचा सुमारें अर्ध्या तासाचा एक बोलपट काढला. तो जगभर गाजला. पाहणाऱ्याला वाटतें कीं सगळी साखळी एका दमांत चालली. प्रत्यक्षांत ती तुकड्यातुकड्यांनीं चित्रित करून बेमालूम सांधलेली आहे. एवढ्या मोठ्या कलावंतांना जें एका दमांत साधलें नाहीं, तें आपल्या सातवींतल्या मुलाला पहिल्या संध्याकाळीं साधलें नाहीं म्हणून त्यानें हिरमुसावें कशाला?

कांहीं गोष्टी मात्र कडकपणें पाळल्या पाहिजेत. गोल्डबर्गच्या चित्रांत अग्निबाण आहे, विळा आहे, पोपट आहे. आपल्या यंत्रांत यांतील एकहि नको. काडेपेट्या रिकाम्याच घ्याव्या, काड्या मोठ्या माणसांच्या स्वाधीन कराव्या. विस्तव, विजेचा प्रवाह, कांचेचीं भांडीं, धार असलेली वस्तु आणि जिवंत प्राणी यांना साखळींत स्थान नाहीं. घरांत रांगतें मूल असेल तर गोट्या मोजून काढाव्या आणि मोजूनच परत ठेवाव्या. तोंडांत गेलेली गोटी जिवावर बेतते. आजी-आजोबांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर यंत्र मांडूं नये, आणि खेळ संपल्यावर एकहि गोटी जमिनीवर राहतां कामा नये.

घंटा वाजूं लागली कीं मग आपल्या कल्पनेप्रमाणें कामें बदला. दिव्याची पेटी तशीच असूं द्या, पण उघडें पुस्तक मिटणें, कुंडींतल्या रोपाला वाटीभर पाणी घालणें, खिडकीचा पडदा सोडणें, भिंतीवरील दिनदर्शिकेचें पान उलटणें, असलीं कामें यंत्राकडून करवून घ्या. दिनदर्शिकेचें पान दिसतें तितकें सोपें नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

यंत्राबरोबर एक वही ठेवा. तींत चार रकाने पाडा: दिनांक, कोठें थांबलें, कारण काय वाटलें, आणि काय बदललें. उदाहरणार्थ, ‘डबी खालीं आली, पडदा अर्धाच उचलला, चीर अरुंद वाटली, चीर रुंद केली.’ किंवा ‘दुसरी गोटी डबीच्या बाहेर पडली, गोटी कडेवर फार डावीकडे होती, दोऱ्याचें वेटोळें बोटभर उजवीकडे सरकविलें.’ ज्या दिवशीं घंटा वाजली त्या दिवशींचीहि नोंद करा, आणि त्यानंतर लागोपाठ किती वेळां वाजली तोहि आंकडा लिहा. सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हां ही वही वर्गांत घेऊन या. यंत्र आणण्याची गरज नाहीं. तें वाटेंतच मोडेल.